गोडीगुलाबीची मुदत

नव्या फ्लॅटच्या फरश्या बसायला अजून महिना लागणार, असं बिल्डरनं शपथेवर सांगितलं (त्याच्या आधीच्या शपथाही महिन्याच्याच होत्या) आणि हेडक्लार्कसाहेबांचं धाबं दणाणलं. भाड्याचं घर महिनाअखेर सोडायचं ठरलेलं. मग कपाट, पलंग आणि बायको ठेवायची कुठे?

"मी बोलते घरमालकांशी," बायको म्हणाली.

"छे! ही कामं गोडीगुलाबीनं करायची असतात. मी जातो."

वरच्या मजल्यावर घरमालक काका एका जोडप्याशी बोलत बसले होते. चारचौघांत स्तुती केली की माणूस लवकर विरघळतो, या हिशोबानं साहेब दारातूनच सुटले. "काका, तुमच्यासारखं घर शोधून सापडायचं नाही! काय तो उजेड, काय ते वारं! पाण्याचं तर नावच काढू नका!"

"ऐकलंत?" काका खुलले. "हे आमचे सध्याचे भाडेकरू."

"मग आता विचार कसला?" जोडप्यातली बाई नवऱ्याला म्हणाली. "एक तारखेलाच सामान आणू."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"म्हणजे, वारं आहे," ते चाचरले, "कारण खिडकी लागतच नाही."

"आणि पाणी?"

"म्हणून तर म्हटलं, नाव काढू नका! बाथरूमच्या भिंतीतून झिरपतं. आंघोळ करावी, तर डोक्यावर पोपडे. की पुन्हा आंघोळ!"

जोडपं एकमेकांकडे बघू लागलं. काका मात्र साहेबांकडेच बघत होते.

"भिंत झिरपतेय आणि मला आज कळतंय?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..." साहेबांचं अवसान गळालं. "काका, खरं सांगू? नवं घर तयार नाही. महिनाभर राहू द्या हो."

"अहो, मग हे सरळ सांगायचं!" काकांनी कपाळाला हात लावला. जोडप्याला म्हणाले, "भिंत दुरुस्त केल्याशिवाय मी तुम्हाला घर देणार नाही. महिनाभर थांबाल?"

जोडपं आनंदानं थांबायला तयार झालं.

साहेब विजयी मुद्रेनं खाली आले. "मिळाला महिना!"

बायकोला खरंच हायसं वाटलं. पण ते दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी घण घेऊन येईपर्यंत आणि बाथरूम भुईसपाट होईपर्यंतच.

तेव्हापासून साहेब खांद्यावर टॉवेल टाकून, खाली मान घालून काकांकडे आंघोळीला जातात. काकाही मोठ्या मनाचे. रोज स्वतः गीझर लावून देतात आणि म्हणतात, "निवांत करा आंघोळ. फक्त आमचं बाथरूम कसं आहे, ते कुणाला सांगू नका."