राखीव प्लंबर

शनिवारी सकाळी कोचसाहेब स्वयंपाकघरात सिंकखाली उताणे पडून दोन्ही हातांनी एक पाइप दाबून धरत होते. पाइप काही ऐकत नव्हता. पाणी त्यांच्या बोटांतून, कोपरांवरून आणि बनियनच्या गळ्यातून वाट काढत फरशीवर पसरत होतं, आणि बायको हातात फडकं घेऊन त्यांच्या पायांशी उभी होती.

"नळ नुसता ठिबकत होता हो," ती म्हणाली. "मी म्हटलं, प्लंबरला बोलवा. तर तुम्ही पाना घेऊन बसलात."

"अगं, वॉशर बदलायला काय मोठी अक्कल लागते?"

"लागत असावी."

"तू आधी मेन कॉक बंद कर!"

"तो ह्या कपाटामागे आहे. कपाट भिंतीला चिकटून पाहिजे, फट दिसता कामा नये, असं सुताराला कोणी बजावलं होतं?"

कोचसाहेबांनी बोलायला तोंड उघडलं. त्यात पाणी गेलं.

प्लंबर चांगला ओळखीचा होता. खरी अडचण तीच होती, कारण आदल्या संध्याकाळीच कोचसाहेबांनी त्याला संघातून काढलं होतं.

कोचसाहेब आठवडाभर विमा कचेरीत बसत. तिथे त्यांना कोणी फारसं विचारत नसे. चहा फिरायचा तोही त्यांचं टेबल चुकवून. पण संध्याकाळी क्लबच्या मैदानावर गेले, तोंडात शिट्टी घातली आणि फुंकली की मैदानभरची माणसं वळून त्यांच्याकडे बघत. तेवढ्यासाठी ते जगत म्हणा ना! आणि आता तेच जायची वेळ आली होती. संघ सलग चार सामने हरला होता. क्लबचे अध्यक्ष त्यांच्याच इमारतीत, बरोबर खालच्या घरात राहत. त्यांनी जिन्यात गाठून सांगितलं होतं, "रविवारचा सामनाही हरलात तर दुसरा माणूस बघावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका." कोचसाहेबांना ते काही जमलं नव्हतं. तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

त्यात तो प्लंबर! गेल्या सामन्यात गडी चेंडू घेऊन एकटा पुढे पोचला, समोर फक्त गोलकीपर, आणि नेमका त्याच्या मोज्यातला फोन वाजला. हा वाकून नंबर बघायला लागला. चेंडू बिचारा वाट बघून बाजूने घरंगळत निघून गेला. म्हणून शुक्रवारी सरावाला कोचसाहेबांनी सगळ्यांदेखत त्याची हजेरी घेतली.

"एका बाईंच्या घरात पाणी भरलं होतं, कोच," प्लंबर म्हणाला.

"पाणी भरो नाहीतर घर वाहून जावो! सामन्यात फोन घ्यायचा नाही. सामन्याच्या आदल्या दिवशी तर फोनला हातसुद्धा लावायचा नाही. आणि तू रविवारी राखीव!"

गोलकीपर वायरमन होता. त्याला हसू आलं, म्हणून तोही राखीव झाला. कप्तान सुतार. तो "जाऊ द्या हो कोच" म्हणत मध्ये पडला, तर त्याची कप्तानी गेली. एका दमात तिघे गारद करून कोचसाहेब ताठ मानेने घरी आले होते, आणि सकाळी नळ ठिबकायला लागला होता.

"लाव त्याला फोन," ते सिंकखालून म्हणाले.

बायकोने त्यांच्याच फोनवरून लावला. घंटी वाजून वाजून थांबली. मग मेसेज आला. तिने तो मोठ्याने वाचला, "'कोच, उद्या सामना आहे. आज फोनला हात लावता येत नाही. नियम म्हणजे नियम.'"

"मग मेसेज कशाने केला? पायाने?"

"ते मला काय माहीत? तुमचा खेळाडू."

तेवढ्यात पाण्याची एक धार ओट्याजवळच्या बोर्डावर गेली. फट्‌ असा आवाज झाला आणि घरातली वीज गेली. पाठोपाठ कोणीतरी दार ठोठावलं. बायकोने उघडलं तर दारात अध्यक्ष, हातात ओली छत्री.

"आमच्या दिवाणखान्यात छतातून पाणी गळतंय," ते म्हणाले. "मी सोफ्यावर छत्री उघडून पेपर वाचत होतो. म्हटलं, थांबेल. थांबेना. हे पाय कोणाचे?"

"ह्यांचेच आहेत," बायको म्हणाली.

"पाच मिनिटांत होतंय, अध्यक्षसाहेब!" पायांच्या पलीकडून आवाज आला.

अध्यक्षांनी फरशीवरचं तळं पाहिलं, ओट्यावर पसरलेली भांडी पाहिली. "उद्याचं लक्षात आहे ना?" एवढंच बोलून ते छत्री उघडत खाली गेले.

कोचसाहेबांना रडावंसं वाटलं. चेहरा असा ओला होता की रडले असते तरी कळलं नसतं.

बायकोने फडकं बाजूला टाकलं, स्वतःचा फोन उचलला आणि ती गॅलरीत गेली. थोड्या वेळाने परत आली. "येतोय. वायरमनलाही आणतोय, सुतारालाही."

"काय सांगितलंस त्याला?"

"तुम्ही पाइप धरा."

अर्ध्या तासात तिघे दारात हजर. प्लंबर उंबऱ्यावरच थांबला. "कोच, येऊ का आत? नाही, राखीव आहे म्हणून विचारलं."

"अरे ये की, बाबा!"

"राखीव माणसाला तुम्ही शेवटच्या दहा मिनिटांतच उतरवता. जरा अंग गरम करून घेऊ?" आणि पठ्ठ्याने दारात खरोखर दोन उठाबशा काढल्या. मागे वायरमन पुन्हा हसला. ह्या वेळी त्याला काढून टाकायला काही उरलं नव्हतं.

मग मात्र तिघे कामाला लागले. सुताराने कपाट मोकळं करून पुढे ओढलं. प्लंबरने मागे हात घालून कॉक फिरवला आणि पाणी थांबलं. कोचसाहेबांचा जीव भांड्यात पडला. ते उठून उभे राहिले, बनियन पिळलं, आणि अंगवळणी पडलेलं तोंड सुरू झालं.

"डावीकडून घे! डावीकडून! अरे, मोकळी जागा बघ! तू तिथे काय उभा आहेस, वायरमन, पुढे सरक!"

प्लंबरने पाना खाली ठेवला. "कोच, तुम्हीच खेळता का?"

बायकोने दाराजवळच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. "बसा तिथे. आणि हा टॉवेल घ्या खांद्यावर."

कोचसाहेब बसले. करतात काय! मैदानाबाहेर काढलेल्या खेळाडूसारखे टॉवेल गुंडाळून मुकाट बघत राहिले. आणि बघता बघता त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. प्लंबर मान न वळवता हात मागे करत होता आणि सुतार नेमका हवा तो पाना त्यात ठेवत होता. वायरमन बोर्ड पुसता पुसता, कोणी सांगायच्या आत, दुसऱ्या हातातली बॅटरी हवी तिथे धरत होता. कोणी कोणाला हाक मारत नव्हतं.

"न बघता पास द्या, न बघता पास द्या," कोचसाहेब पुटपुटले. "चार महिने हेच ओरडून सांगतोय मी ह्यांना!"

"ओरडून," बायको म्हणाली आणि चहा टाकायला वळली.

काम संपत आलं तेव्हा अध्यक्ष पुन्हा वर आले. तिघांना तिथे बघून थबकले, प्लंबरकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले आणि काही न बोलता गेले. कोचसाहेबांना त्या न बोलण्याची धास्ती वाटली.

प्लंबर पिशवी भरता भरता म्हणाला, "वॉशर सध्या तात्पुरता बसवलाय, कोच. सोमवारी नवा आणून पक्का करतो. तोवर जरा दमाने."

"दमाने म्हणजे?"

"म्हणजे नळ दमाने फिरवा. दुसरं काय असणार?"

रविवारी सकाळी कोचसाहेबांनी आरशासमोर भाषण पाठ केलं. 'झालं गेलं विसरून मी तुम्हा तिघांना परत घेतो आहे,' अशी सुरुवात होती. मोठं मन दाखवायची संधी वरचेवर येत नाही, म्हणून ते मैदानावर थोडे लवकरच पोचले. बघतात तर प्लंबर बूट बांधून तयार, वायरमनच्या हातात गोलकीपरचे हातमोजे, आणि सुताराच्या दंडाला कप्तानाची पट्टी.

"हे काय? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"वहिनींनी," तिघे एकदम म्हणाले.

प्लंबरने खुलासा केला. "काल फोनवर वहिनींनी मला पहिल्या अकरात घेतलं. मी म्हटलं, विजेचंही काम दिसतंय, वायरमन लागेल. त्यांनी त्यालाही घेतला. कपाट हलवायचं म्हटल्यावर सुताराला कप्तानी दिली. वहिनींना खेळातलं चांगलं कळतं, कोच."

कोचसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी शिट्टी तोंडात घातली, छाती भरून घेतली, आणि तेवढ्यात अध्यक्ष शेजारी येऊन उभे राहिले. पलीकडे बायको थर्मास घेऊन बसली होती. कोचसाहेबांनी छातीतली हवा हळूहळू सोडून दिली.

सामनाभर त्यांनी तोंड उघडलं नाही. प्लंबरने पहिल्याच संधीला चेंडू गोलवरून पार झाडांत मारला. कोचसाहेब ताडकन उठले, त्यांना तो तात्पुरता वॉशर आठवला, ते बसले. समोरच्यांनी गोल केला, तरी बसूनच राहिले. ओरडा ऐकू येईना म्हणून खेळाडू सुरुवातीला बावरून त्यांच्याकडे बघत होते. मग बघायचे थांबले. आणि शेवटी शेवटी सुताराने मान न वळवता चेंडू डावीकडे ढकलला, प्लंबर तिथे होता, आणि त्याच्या नडगीला लागून गोल झाला. सामना बरोबरीत सुटला. ना हार, ना जीत.

अध्यक्ष कोचसाहेबांना बाजूला घेऊन गेले.

"खरं सांगू?" अध्यक्ष म्हणाले. "मी तुम्हाला काढायचं ठरवूनच टाकलं होतं. पण काल तुमच्या स्वयंपाकघरात काय पाहिलं! त्या प्लंबरला मी महिनाभर फोन करतोय. आमच्या न्हाणीघराचा नळ गळतोय. उद्या येतो म्हणतो, येत नाही. तुम्ही त्याला सगळ्यांदेखत काढलंत, आणि तरी तो तुमच्यासाठी दोघांना घेऊन धावत आला. माणसं ज्याच्यासाठी अशी धावून येतात त्याला मी कसा काढू? तुम्हीच राहा."

कोचसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती थर्मासाचं झाकण लावण्यात गढून गेली होती. खरं सांगून टाकावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं, पण ते तिथेच राहिलं. "तुमची कृपा," ते म्हणाले, आणि त्यांना आनंदही झाला आणि लाजही वाटली.

जाताना त्यांनी प्लंबरला गाठलं. "जागा मिळाली म्हणूनच आलास ना रे काल?"

"छे हो! फोनवर तुमचं नाव बघून हसलो, पण पिशवी तेव्हाच भरली होती. वहिनींनी विचारलं, काय हवंय तुला? आता विचारल्यावर सोडायचं कशाला?"

कोचसाहेबांनी त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. एवढी जोरात की तो खोकला.

घरी परतताना ते रंगात आले होते. "बघितलंस? म्हणे, तुम्हीच राहा! आता मात्र पुढच्या रविवारचा संघ मी निवडणार. कोणाची लुडबुड चालणार नाही."

"नाहीच चालायची," बायको म्हणाली. थोडं चालल्यावर तिने सहज विचारलं, "अहो, अध्यक्षांच्या छताला केवढा डाग पडलाय. तो जायला हवा. तुमच्या संघात कोणी रंगारी आहे ना?"

"आहे. वर्षभर बाकावर बसलाय. एकदाच उतरवला होता, तर आपल्याच गोलात चेंडू मारून आला. का?"

"पुढच्या रविवारी त्याला कुठल्या जागेवर खेळवायचं ते तुम्हीच ठरवा बाई," ती म्हणाली. "खेळणार, एवढंच मी त्याला सांगून टाकलंय."