गोदाक्काचं भुयार

एका जंगलात, बाळांनो, एकच पाणवठा होता आणि तो सगळ्यांचा होता. सिंहमहाराजांना हे फार मागासलेलं वाटे.

म्हणून त्यांनी पाणवठ्याभोवती भिंत बांधली, फाटक बसवलं आणि फाटकावर काचेचा पडदा लावला. पडद्यावर चित्रं येत. त्यातली झाडांची चित्रं निवडली, की आपण प्राणी आहोत, यंत्र नाही, हे सिद्ध होई आणि फाटक उघडे.

त्याच जंगलात गोदाक्का नावाची म्हातारी साळिंदर राहायची. तिचे डोळे कधीच गेले होते. पाणवठा तिला वासाने सापडायचा. त्या दिवशीही सापडला. तिने काचेवर अंदाजाने नख टेकवलं आणि पडद्याने तिला यंत्र ठरवलं.

उन्हाळ्याचे दिवस होते. जीभ टाळूला चिकटली, तेव्हा गोदाक्का दरबारात गेली. महाराजांना फार वाईट वाटलं. त्यांनी लगेच एआयवर चालणारा पोपट मागवला आणि समारंभाने फाटकावर बसवला. गोदाक्काला हार घातला. तो काट्यांत अडकला. पाणी द्यायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

गोदाक्काने पोपटाला विचारलं, "बाबा, झाड कुठल्या चित्रात आहे?"

"फारच छान प्रश्न," पोपट म्हणाला. "पण मी सांगितलं, तर तुम्ही यंत्र नाही हे कसं कळणार?"

मग कसं करायचं ते दाखवायला त्याने स्वतःच चोच टेकवली. सगळी झाडं बरोबर आली. फाटक उघडलं. पोपट प्राणी ठरला आणि आत जाऊन आला. त्याला तहान नव्हती.

गोदाक्का भिंतीच्या मागे गेली आणि खणायला लागली. साळिंदराला खणायला डोळे लागत नाहीत. दिवस कलायच्या आत ती पलीकडे निघाली आणि पोटभर पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी तिच्या मागून हरणं आली, कारण खुराने एका वेळी चार चित्रं दाबली जात. अस्वल आलं, त्याने भुयार रुंद केलं. हळूहळू सगळं जंगल तिथूनच जाऊ लागलं.

फाटकापुढची रांग संपली. महाराजांनी दरबारात जाहीर केलं, की योजना यशस्वी झाली असून एकही तक्रार शिल्लक नाही. मग तेही भुयारातूनच पाणी प्यायला गेले. पडदा त्यांचा पंजा ओळखत नव्हता.

तात्पर्य : आंधळ्याची अडचण कधीही दूर होऊ देऊ नये. ती दूर झाली की सगळ्यांचीच सोय होते, आणि मग राजाला उद्घाटन करायला काही उरत नाही.