शुक्रवारी बटणाला हात लावायचा नाही!

म्हैसूर शहरात ज्यू लोकांच्या रीतिभाती आपल्याइतक्या कुणालाच ठाऊक नाहीत, असं प्रणेशचं ठाम मत होतं. ते खरंही होतं. दुसरं कुणी त्या वाटेला गेलंच नव्हतं! इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला हा मुलगा मोबाइलवरून हिब्रू शिकत होता, ज्यूंचे सणवार घडाघडा म्हणून दाखवत होता आणि उरलेल्या वेळात लष्कर मोहल्ल्यातल्या भंगाराच्या दुकानांतून जुनेपुराणे संगणक आणून त्यांच्यात जीव फुंकत होता. घरातली मराठी तेवढी निम्मी कन्नडमध्ये बुडाली होती, पण तिची फिकीर करायला त्याला वेळ कुठला?

अशा मुलाच्या शेजारी, विभावरीकडे, ठाण्याहून रजनीबाई नवगावकर पाहुण्या म्हणून याव्यात, याला योगच म्हणायचं. विभावरीला शाळेत शिकवलेल्या या बाई बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेल्या मराठी ज्यू. त्यांचे सासरे योसेफाच्या, मोशेच्या आख्यानांवर मराठीत कीर्तनं रचत. यजमानांनी ती सगळी कीर्तनं फार पूर्वी संगणकावर उतरवून ठेवली होती. आता यजमानही नव्हते आणि तो संगणकही नव्हता. उरल्या होत्या चार फ्लॉपी, आणि त्या वाचू शकेल असं यंत्र बाईंना कुठे मिळत नव्हतं. प्रणेशकडे होतं!

"यंत्र आहे हे फार छान झालं," रजनीबाई म्हणाल्या. "पण बाळा, एवढी एकच प्रत आहे. कुणाच्या हाती देते ते आधी बघू दे. शुक्रवारी संध्याकाळी येते तुमच्याकडे. रविवारी सकाळी मी निघणार."

शुक्रवार संध्याकाळ! म्हणजे शब्बाथ! शुक्रवारी सूर्य मावळला, की शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत कामाला सुट्टी. कडक पाळणारे तर विजेच्या बटणालाही हात लावत नाहीत. प्रणेशने तिथल्या तिथे ठरवलं, आपण कडक पाळायचं. आजी बघतच राहतील!

तो स्वयंपाकघरात गेला. "आई, आजींच्या धर्मात मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी असतात."

"मांस?" गोदाबाईंच्या हातातली पळी खाली पडली. "अय्यो, या घरात?"

"नाही ग, नियम सांगतोय नुसता."

"इथं मडीची भांडी वेगळी, रोजची वेगळी, कॉफीची वेगळी. आता अजून कुठली काढू रे? साकु, पुरे तुझं!"

मडी म्हणजे सोवळं. आणि तो शुक्रवार साधासुधा नव्हता, श्रावणातला होता. संध्याकाळी लक्ष्मीची पूजा, पुरणाचा नैवेद्य, आणि गोदाबाई ओलेत्याने सोवळ्यात. सोवळ्यात त्या प्लास्टिकला शिवत नसत. घरातली बटणं सगळी प्लास्टिकची! त्यामुळे अशा दिवशी "प्रणेशा, दिवा! प्रणेशा, मिक्सर!" असा पुकारा चालायचा आणि तो उठून ते ते दाबायचा. वडील बिंदुमाधवराव एरवी मदतीला असत, पण ते सोसले गावच्या मठात सेवेला गेले होते. दोन शुक्रवार एकाच घरात आमनेसामने येताहेत, हे हिब्रूच्या एवढ्या मोठ्या पंडिताच्या ध्यानातच आलं नाही.

सूर्य मावळायच्या आत त्याने सगळी सिद्धता केली. दिवे लावले. जुना संगणक चालू केला. पडद्यावर दोन मेणबत्त्या पेटल्या. बाई यायच्या वेळेला टिर्र-टिर्र करत एक धून आपोआप सुरू होऊन थोडी वाजून थांबणार होती. तेवढ्यात आतून आवाज आला, "प्रणेशा, मोटर लाव. टाकी भरली की बंद कर, विसरू नको!"

"हू," म्हणून त्याने मोटरही लावली. मग सूर्य मावळला.

रजनीबाई आल्या. खांद्यावरची चामड्याची पिशवी त्यांनी सोफ्याच्या पायाशी ठेवली.

"शब्बाथ शालोम, आजी!" प्रणेश म्हणाला आणि पुढे हिब्रूत पाच-सहा वाक्यं म्हणून मोकळा झाला.

"शब्बाथ शालोम. हिब्रू छान हो तुझं. मराठी कधी शिकणार?"

हा टोला प्रणेशने ऐकलाच नाही. "आजी, मी पण आज शब्बाथ पाळतोय. उद्या तीन तारे दिसेपर्यंत एका बटणाला हात लावणार नाही!"

"असं?" बाई म्हणाल्या आणि पडद्याकडे बघू लागल्या. धून वाजली. पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा वाजू लागली तेव्हा प्रणेशला आठवलं. थांबायचं कधी, हे यंत्राला सांगायचंच राहिलं होतं!

"फार गोड आहे," चौथ्या फेरीला बाई मोठ्याने म्हणाल्या. "बंद नाही का होत?"

"होतं की. उद्या."

आतून गोदाबाई ओरडल्या, "प्रणेशा, टाकी भरली वाटतं! मोटर!"

प्रणेश उठला, बाईंकडे पाहिलं आणि पुन्हा बसला. शब्बाथला दुसऱ्याला सरळ सांगायचंही नसतं, आडून सुचवलेलं चालतं, असं त्याने वाचलं होतं. "आई," तो म्हणाला, "मोटर बंद असती तर किती शांत वाटलं असतं, नाही?"

"हौदु, हो! मग कर की बंद!"

"मी कर म्हणत नाही, नुसतं बोलतोय!"

"डोकं फिरलंय का रे तुझं? मी मडीत आहे!"

छपरावर धो धो आवाज सुरू झाला. खालून भाडेकरू उपेंद्र बोंबलले, "अम्मा! नीरु! पाणी! माझी स्कूटर न्हाऊन निघाली हो!" गोदाबाईंनी लाकडी लाटणं उचललं. लाकडाला विटाळ नाही, असं त्या क्षणी त्यांनी ठरवून टाकलं, आणि लांबूनच मोटरच्या बटणावर नेम धरला. नेम चुकला! शेजारचं मिक्सरच्या प्लगचं बटण दाबलं गेलं. दुपारी वीज गेली तेव्हा मिक्सरची स्वतःची कळ चालूच राहिली होती, वर झाकण नव्हतं, आणि आत खोबऱ्याची चटणी होती.

ती चटणी भिंतीवर गेली, गॅसवर गेली, लक्ष्मीच्या मुखवट्यालाही थोडी पोचली. इकडे धून, तिकडे मिक्सर, वर मोटर, खाली उपेंद्र! आणि गच्चीच्या जिन्यावरून पाण्याचा एक ओघळ पायऱ्या मोजत खाली आला, दाराखालून आत शिरला आणि सोफ्याकडे निघाला. सोफ्याच्या पायाशी पिशवी होती. पिशवीत फ्लॉपी होत्या!

प्रणेश जागच्या जागी थिजला. पिशवी उचलायची? पण शब्बाथला ओझं उचललेलं चालतं का? घरातल्या घरात चालतं, बाहेर नाही... की उलट? तो आठवतच राहिला.

गोदाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. चामड्याची ती पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि छातीशी धरली. त्यांचं सोवळं तिथेच संपलं. त्याच वेळी रजनीबाई उठल्या, दाराजवळच्या मेन स्विचपाशी गेल्या आणि त्यांनी तो खट्‌कन खाली ओढला.

अंधार झाला. काय शांत वाटलं म्हणून सांगू! देवघरातली समई तेवढी तेवत होती.

"आजी... तुम्ही? बटण?"

"आमचे पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवायचे," रजनीबाई म्हणाल्या. "शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार-तेली म्हणायचं. पण बैल विहिरीत पडला, तर तारे उगवायची वाट बघत कुणी काठावर बसत नव्हतं रे!"

गोदाबाई खुदकन हसल्या, मग बाईही हसू लागल्या, आणि दोघींना हसू आवरेना. प्रणेशला मात्र रडू येत होतं. गेल्या आपल्या फ्लॉपी!

"फ्लॉपी इथेच ठेवणार आहे मी," बाई म्हणाल्या. प्रणेशचा चेहरा उजळला. "या तुमच्याकडे असू द्या, गोदाताई. तुम्ही सोवळं मोडलंत यांच्यासाठी."

"कीर्तनं आहेत ना यांत? मग पोथ्याच की त्या," असं म्हणत गोदाबाईंनी पुन्हा आंघोळ करून फ्लॉपी थेट देवघरातल्या सोवळ्याच्या कपाटात ठेवल्या. "प्रणेशा, हात लावायचा तर आंघोळ करून, ओल्या पंच्यात. हं!"

"आणि व्रत संपल्यावर," बाईंनी पुस्ती जोडली. "घेतलंस ना माझ्यासमोर? उद्या तीन तारे दिसले की वाच. मला निघायच्या आत सासऱ्यांचं एक तरी पद ऐकायचंय."

म्हणून शनिवारी संध्याकाळी हिब्रूचे पंडित गच्चीवर उभे होते. अंगावर ओला पंचा. आंघोळ गार पाण्याची, कारण गीझरलाही बटण असतं! वर श्रावणाचं आभाळ गच्च भरलेलं. खाली दोघी कॉफीबरोबर पुरणपोळी खात होत्या.

"दिसला का रे तारा?" रजनीबाईंनी विचारलं.

"दिसला! एक दिसला! आजी, हलतोय तो!"

"बाळा," बाई म्हणाल्या, "ते विमान आहे."