जबड्याची शिट्टी

कानशिलावरच्या चिकटपट्ट्या काढायच्या नाहीत, असं मी ठरवलं. एवढाच माझा गुन्हा. काढताना केस उपटतात हो! (आधीच मोजके उरलेत.)

वर्षभर माझं डोकं दुखत होतं. कुणीतरी पट्टा आवळावा तसं. आमच्या काराकोल गावच्या दवाखान्यातल्या चिनारा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही नकळत दातावर दात दाबून धरता. जबड्याचे स्नायू ताठले की डोकं दुखू शकतं. हे यंत्र पट्ट्यांनी कानशिलाला चिकटवा. जबडा आवळलात की शिट्टी वाजेल, लगेच सैल सोडा."

त्याच दुपारी आमच्या मेरिमची सोयरीक पक्की करायला नारिनहून व्याही यायचे होते. माझी बायको बुरुल मला बघून किंचाळलीच. "अहो, हे काय डोक्याला? व्याही काय म्हणतील?"

"टोपीखाली झाकतो की!"

"आणि तोंडही झाका. पोरीला दवाखान्यातली नोकरी सोडायची नाही आणि व्याह्यांना सून वर डोंगरातल्या कुरणात, मेंढ्यांपाशी हवी आहे. तुम्ही मध्ये बोलून घोळ घालू नका. बोलायचं ते मी बोलेन. तुम्ही नुसतं जेवा."

मी आज्ञाधारक माणूस. व्याही जोलदोश बसले, वाफाळतं मटण आलं, आणि मी जेवू लागलो.

"आमच्या कुरणासारखी हवा जगात नाही," व्याही म्हणाले.

पीईं!

सगळे थांबले. "काय वाजलं?"

"चहाची किटली," बुरुल म्हणाली.

"तिथं थंडीसुद्धा अशी गोड..."

पीईं!

किटली तर समोर गार पडली होती. मेरिमनं कपाळाला हात लावला. शेवटी मला टोपी काढावी लागली. "डोकेदुखीचं यंत्र आहे. मनात ताण आला, जबडा आवळला, की वाजतं."

"अस्सं! म्हणजे खोटं पकडतं?" व्याही सरसावून बसले. "मग सांगा, लेक एवढ्या लांब पाठवायची. वाईट वाटतंय?"

बुरुलनं डोळे वटारले. मी तोंडातल्या घासासकट म्हणालो, "छे! मुळीच नाही!"

पीईंईंईं! थांबेचना! मेरिमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?" तिला पाहून माझेही डोळे भरले. मी तसाच घास चावत राहिलो.

व्याह्यांनी वाडगा खाली ठेवला. मग म्हणाले, "नाहीतरी आमचा पोरगा इथंच काराकोलला ट्रक दुरुस्त करतो! दोघं इथंच राहू देत. उन्हाळ्यात वर आले म्हणजे झालं."

बुरुलनं त्यांच्यासमोर आणखी मटण वाढलं आणि (बावीस वर्षांत पहिल्यांदा) माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी छाती फुगवून दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी यंत्रातली नोंद पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"जेवताना काढून का नाही ठेवलंत? चावताना तेच स्नायू चालतात. वाजणारच ते! इथं तर काहीतरी भलतंच चिवट चावलेलं दिसतंय."

"पण माझं मन..."

"मनाचं याला काही कळत नाही. मटण होतं ना?"

घरी मी अवाक्षर काढलं नाही. बुरुल शेजारणीला सांगत होती, "बोलत नाहीत, पण आतून फार हळवे आहेत हो." मोडता कशाला घाला?

संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला. तारीख ठरली, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मी भीत भीत म्हणालो, "व्याहीबुवा, त्या यंत्राचं जरा..."

ते खो खो हसले. "अहो, जन्म मेंढ्यांत गेला माझा! रवंथ कुठला आणि रडणं कुठलं, एवढं मला कळत नाही होय? पहिल्या शिट्टीलाच ओळखलं."

"मग पोरांना इथं ठेवायला कबूल कसे झालात?"

"तुमचं तोंड बघून! कोकरू हरवलेली आमची म्हातारी मेंढी अगदी अश्शीच दिसते. फक्त ती तोंडात घास घेऊन बोलत नाही."