गेनूभाऊंची टेप

गेनूभाऊंच्या गळ्यात दिवसभर शिंप्याची टेप लोंबत असते, आणि या माणसाने आयुष्यात साधं बटणसुद्धा लावलेलं नाही. ते पंक्चर काढतात. कुसगावात माझं छोटं हॉटेल आहे. त्याच्या फाटकाशी, माझ्याच जागेत, त्यांची पत्र्याची टपरी. गाडी आली की भाऊ आधी चारही चाकांना टेप लावणार. मग रस्त्यावर आडवे होऊन, जमिनीला गाल टेकवून, एक डोळा मिटून चाकांकडे बघणार. गाडीवाला म्हणतो, "अहो, फक्त हवा भरायचीय." भाऊ पडल्या पडल्या सांगतात, "मी काय झंपर शिवतोय का? गप हुबं ऱ्हावा."

मी लोणावळ्याची, आणि तोंडाने फटकळ. हे मीच सांगून टाकते, उगाच दुसऱ्याकडून कळायला नको. पण आठ वर्षांत भाऊंपुढे माझी मात्रा चाललेली नाही.

नोकरीची तीस वर्षं त्यांनी देहूरोडच्या लष्करी डेपोत ट्रकांची चाकं बसवण्यात घालवली. तिथून पेन्शन आणली आणि एक वाक्य आणलं, "चाराला चार सारखी पायजेत." हे ते चाकांबद्दल म्हणतात, खुर्चीच्या पायांबद्दल म्हणतात, आणि एकदा माझ्या मेव्हण्याच्या मिशीबद्दलही म्हणाले होते.

हल्ली भुशी धरणावर येणाऱ्या पाहुण्यांकडे चारही चाकांना इंजिनाचा जोर जाणाऱ्या दांडग्या गाड्या असतात. आणि डिकीत स्टेपनी म्हणून काय, तर बाकीच्यांच्या निम्म्या जाडीचं, घेरालाही लहान असं एक बारकं चाक! ते दिसलं की भाऊंचं डोकं फिरतं.

"साध्या गाडीला ह्ये जोर नसलेल्या बाजूला लावा, धा-वीस मैल चालंल," ते मला एकदा समजावत होते. "पर हिच्या चारी पायांत जोर. बारकं चाक जास्ती फिरनार, मोठी कमी. मंग मधला गिअर बसतो दोगांची समजूत घालत. घालून घालून तापतो, आन् एक दिवस जळतो. वरून ब्रेक मारला की गाडी कुटं वढंल, द्येव जाणे."

"तुमच्या घरात असं कोण समजूत घालतं?" मी विचारलं.  ते टेप गुंडाळत बसले. मला वाटलं, जिरली.

गेल्या महिन्यात मात्र आमचं चांगलंच वाजलं. माझ्याकडे उतरलेल्या मुंबईच्या एका गृहस्थांचं टायर भुशीच्या रस्त्यावर दगडाने फाटलं. मुलीचा साखरपुडा साताऱ्यात, दुपारी चारला. बायको-मुलगी आदल्या दिवशीच पोचलेल्या. गृहस्थ घामाघूम झालेले. "ती स्टेपनी टाका पटकन, मी एक्सप्रेसवेने सुटतो."

भाऊंनी आधी स्टेपनीची हवा बघितली. चाक जवळजवळ बसलेलं. त्याच्यावर छापलेला हवेचा आकडा वाचून त्यांनी तेवढी काटेकोर भरली. मग टेप लावली. मग म्हणाले, "पोथी वाचली का?"

"कसली पोथी?"

"गाडीची. पुढच्या कप्प्यात आसंल."

ती निघाली. वरचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. गृहस्थांनी ती सीटवर आपटली. "मला वाचनालय चालवायचं नाही! चाक लावा!"

"लावतो. जुन्या रोडनं सावकाश तळेगावला जावा, आन् जोडीचं टायर घ्या. बाकीच्या तिघांच्या मापाचं. सातारला ह्या चाकावर न्हाई."

"टायर शोधायला वेळ नाही हो माझ्याकडे!"

यावर भाऊंनी काय करावं? ते बारकं चाक रस्त्यात आडवं टाकलं आणि जेवायला पाटावर बसावं तसे त्यावर मांडी घालून बसले. गृहस्थ ओरडायला लागले. बाकीचे पाहुणे गॅलरीत मोबाइल काढून उभे. माझी तर लाजेने मान खाली. मी तरातरा फाटकाशी गेले.

"भाऊ, उठा! टपरी कुणाच्या जागेत आहे, लक्षात आहे ना?"

"ध्येनात हाय, शैलाताई. उद्या उचलतो. आज मातुर उठणार न्हाई."

मी थक्क झाले. गृहस्थांनी सीटवरची पोथी उचलली. काय वाटलं कोण जाणे, त्यांनी प्लास्टिक फाडलं आणि उभ्या उभ्या स्टेपनीचं पान काढलं. वाचता वाचता आवाज उतरला. तिथे तेच होतं: असल्या गाडीला हे चाक जवळच्या दुकानापर्यंतच, तेही सावकाश. दहा मिनिटांत ते भाड्याच्या टॅक्सीत बसून साताऱ्याला गेले आणि वेळेत पोचले. गाडी चार दिवस माझ्या दारात उभी राहिली. त्याच संध्याकाळी त्यांनी इंटरनेटवर हॉटेलबद्दल लिहिलं, "खोल्या स्वच्छ. फाटकाशी वेडा माणूस बसवला आहे."

ते वाचून माझा राग परत चढला. सकाळी बघते तर टपरीला कुलूप, खुर्ची नाही, हवेची मशीन दोरीने बांधून बाहेर काढलेली. बरं झालं, ब्याद गेली, म्हणाले. चहा घेतला. चहा काही गोड लागेना. शेवटी चप्पल घातली आणि त्यांच्या घरी गेले.

दार उघडं होतं. हौसामावशी, म्हणजे भाऊंची बायको, कॉटवर पाय सोडून बसलेली. भाऊ खाली जमिनीवर. पुढ्यात टायरचा तुकडा, सुरी आणि मावशीची एक चप्पल. गळ्यातली टेप त्यांनी मावशीच्या कमरेपासून टाचेपर्यंत धरली होती. "हालू नगं." मग दुसऱ्या पायाला धरली. मावशी लंगडते हे मला ठाऊक होतं. मी समजत होते, वयाचा वात.

"मावशी, पायाला काय झालं?"

"आता न्हाई गं. लय वर्सं झाली. मांडीचं हाड मोडलं, वाकडं जुळलं. यक पाय बोटभर आखूड ऱ्हायला."

भाऊ खाली बघतच बोलले. "डेपोत दोराभर फरक आसला तर म्या ट्रक गेटाभायेर सोडला न्हाई. आन् ही घरात त्या पायानं पाणी भरायची, दिसभर शिलाई मशीन मारायची. मला दिसलं न्हाई. कंबर गेली तवा डाक्टरनं इचारलं, येवढी वर्सं चपलेला जाड तळ का न्हाई लावला? काय सांगू त्याला?"

"चुकलं तर चुकलं," मावशी म्हणाली. "टेप माझीच हाय ती. शिलाई सुटली, तवापासनं ह्यांच्या गळ्यात."

माझ्या जिभेला हाड नाही. मी विचारलं, "आता तळ जाड करून कमरेला काही फायदा?"

"न्हाई," भाऊंनी मान वर केली. कालच्यासारखेच डोळे. "आता ती मोरीपतूरच चालती. मोरीपतूर तर मोरीपतूर. पर सारक्या पायांनी जाईल."

मी नेहमीपेक्षा जास्तच खेकसले. "टपरीची किल्ली कुठाय? द्या इकडं."

"जागा तुमची हाय, ताई."

"माझी आहे ना? मग तिथे कोण बसणार ते मी ठरवणार! खुर्ची मी नेते. तुम्ही मागून या."

भाऊंनी किल्ली दिली, पण उठले नाहीत. त्यांनी मावशीच्या पायात चप्पल घातली. मावशी भिंतीला हात लावत मोरीकडे निघाली. भाऊ जमिनीवर आडवे झाले, फरशीला गाल टेकवला, एक डोळा मिटला आणि तिच्या टाचांकडे बघत राहिले.

"आजून दोराभर," ते म्हणाले, आणि चप्पल परत मागितली.