तीनदा वाकलेलं स्टूल

टक्.

सगळं घर चिडीचूप असताना एवढासा आवाजही सेझिमला ढोल बडवल्यासारखा वाटला. तिनं वळून पाहिलं. गादीवर झोपलेल्या चार वर्षांच्या लेकीनं, आइदायनं, नुसती कूस बदलली. हुश्श! टक्, टक्.

विजेचं हे स्टेपलर नवऱ्यानं, उलाननं, मॉस्कोहून पाठवलं होतं, सोबत हातानं लिहिलेली चिठ्ठी. ‘चष्मा घालायचा. यंत्राचं तोंड आपल्याकडे धरायचं नाही. काम थांबलं की आधी प्लग काढायचा. अंगावर लोंबतं कापड नको.’ तिकडच्या बांधकामांवर त्याचा हा तिसरा हिवाळा. इथे बिश्केकमध्ये खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवायचं दुकान निघालं, तर तो कायमचा परत येणार होता. आणि बाजारातला एकमेव रिकामा गाळा होता थोरल्या चुलत सासऱ्यांचा. जानिबेक अता, जुने सुतार. आज चहाला येऊन ते तिचं काम बघणार. पटलं तर किल्ली तिला, नाहीतर बूटवाल्याला.

चार वाजता यायचे होते. तीनलाच फाटक करकरलं.

“सेझिम! थोरले आले गं!” सासूबाई अंगणातूनच ओरडल्या.

“आले, एने!”

स्टुलाच्या कडेच्या चार पिना बाकी. आणि डोकं उघडं! चिठ्ठीतल्या शेवटच्या नियमापायी रुमाल खुंटीवर. उघड्या डोक्यानं सासऱ्यांसमोर जायचं? त्यापेक्षा जमीन दुभंगलेली बरी. तिनं रुमाल ओढला, मानेमागे दोन गाठी मारल्या आणि स्टुलावर ओणवी झाली. टक्, टक्, टक्, टक्. जीव टांगणीला लागला होता, पण नियम तो नियम. आधी प्लग काढला, मगच उठली.

स्टूलही उठलं.

खांद्यावरून पुढे आलेलं रुमालाचं लांब टोक कापडाच्या घडीत जाऊन पक्कं बसलं होतं. ओढावं तर रुमाल निघतो, कापावं तर कात्री पलीकडच्या खोलीत. आणि जानिबेक अता दारात! सून तीनदा वाकल्याशिवाय ते पायातले बूटही काढत नसत.

सेझिमनं छातीवर हात बांधले आणि वाकली. गळ्यातलं स्टूल पुढे झुललं. ती दुसऱ्यांदा वाकली, ते गुडघ्यावर आपटलं. तिसऱ्यांदा वाकली तेव्हा स्टूल थोरल्यांच्या पोटापर्यंत जाऊन नमस्कार करून आलं.

“शंभर वर्षं जग, बाळ,” म्हाताऱ्यानं शांतपणे आशीर्वाद दिला. मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, “बुरुल, तुझी सून डोळ्यांवर काय घालून आलीय? आणि गळ्यात?”

चष्मा! तो काढायचाच राहिला होता.

“थोरले, ते... यंत्राचं असतं तसं,” सासूबाई पुटपुटल्या. त्यांचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा झाला होता.

“त्या बंदुकीसारख्या यंत्रानं शिवलेलं टिकतं होय? खिळा हातानं ठोकावा लागतो!” असं म्हणून त्यांनी स्टूल दोन्ही हातांनी धरलं आणि हिसडा मारला.

टर्रर्र!

रुमाल फाटला. सासूबाईंनी विजेच्या चपळाईनं अंगावरची शाल सेझिमच्या डोक्यावर टाकली. तिनं डोळे मिटून घेतले. संपलं सगळं. गाळा बूटवाल्याचा, उलानचा चौथा हिवाळाही तिकडेच.

 मग म्हाताऱ्याचा आवाज आला, “कापड फाटलं. पण पीन एकही हलली नाही गं.” ते स्टूल उलटंपालटं करून कडेवरून अंगठा फिरवत होते. त्यांनी खिशातून किल्ली काढली. “घे. पण एक अट. दुकानात डोक्याला रुमाल नको.”

“अहो थोरले! लोक काय म्हणतील?”

“लोकांचं बघू. यंत्राला सासरा कळत नाही, बुरुल.”

सेझिमला हसूही येईना, रडूही. गादीवर आइदाय केव्हाची उठून बसली होती. ती रांगत स्टुलापाशी आली, पिनांत अडकलेलं रुमालाचं टोक तिनं जोर लावून ओढून पाहिलं. ते हललं नाही.

“आई,” ती म्हणाली, “बाबा आला की त्याचा कोट पण असाच इथेच ठोकून ठेवशील?”