इंगळेकाकांचं व्हिएन्ना

शेजारचे इंगळेकाका तीन महिने लेकीकडे व्हिएन्नाला राहून आले आणि तिथली एकच गोष्ट पाहून आले: जमिनीखालचं मेट्रो स्टेशन. राजवाडा? "बाहेरून दिसला." नदी? "आपल्या मोर्णेपेक्षा मोठी." पण त्या स्टेशनचा विषय काढा, तुमची संध्याकाळ गेलीच. "तीन लाइनी! लाल, जांभळी, हिरवी. एकीतून उतरा, दुसरीत बसा. कोनाले विचाराचं कामच नाही!"

या माणसाने अख्खी नोकरी अकोल्याच्या एसटी स्टँडवर "अचलपूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर" असं माइकवर सांगण्यात काढली. त्यालाच या न विचारण्याचं एवढं कौतुक!

व्हिएन्नाला सरकत्या जिन्यावर उभं राहायचं ते उजवीकडे. डावी बाजू घाईवाल्यांची. आमच्या जठारपेठेतल्या बिल्डिंगचा जिना सरकत नाही, आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला पोट आत घ्यावं लागतं. तरी काकांनी त्यावर मधोमध पिवळी रेघ ओढली. जोशीकाकू भाजीची पिशवी घेऊन दम खायला थांबल्या की वरून आवाज येतो, "वहिनी, उजवीकडं! मागं पब्लिक अडकून राहिली!" मागे पब्लिक म्हणजे एक मांजर असते.

पुतणीच्या लग्नात जेवणाची व्यवस्था त्यांच्याकडे दिली, ही त्यांच्या भावाची चूक. काकांनी तीन लाइनी केल्या. वरणभात लाल, पोळीभाजी हिरवी, गोड जांभळी. लाइन बदलायची ती फक्त पाण्याच्या जारपाशी. नवरदेवाचे वडील ताट घेऊन अर्धा तास जारपाशी जिलबीची वाट शोधत होते. ते भडकले तेव्हा काका गायब. आठ वाजले होते ना!

रोज आठच्या ठोक्याला काका हातातलं काम टाकून, फोन घेऊन गच्चीवर जातात. परवा पाण्याच्या मोटारीची मीटिंग मी सेक्रेटरी म्हणून बोलावली, तीही त्यांच्याच तक्रारीवरून. आठ वाजले आणि हे गृहस्थ चालू पडले. माझं डोकं फिरलं. आज ऐकवायचंच, म्हणून मी मागोमाग वर गेलो.

काका कठड्याला टेकून फोनवर बोलत होते. "लाल सोडली ना? आता जिना. उजवीकडं उभी राय." पडद्यावर त्यांची लेक वैशाली, खांद्याला बॅग, सरकत्या जिन्यावर. "पोचली बाबा हिरवीवर." "दिसली. ये." तिची गाडी आली आणि फोन बंद झाला.

"आपले आठ म्हंजे तिची ऑफिस सुटाची वेळ," काका म्हणाले. "अमरावतीले शिके तवा दर शनवारी स्टँडवर तिले घ्याले मीच उभा राहो. तिथं व्हिएन्नालेबी रोज गेलो. ती गाडी बदले, तिथं जाऊन उभा."

"पण काका, ती घरी तर येणारच होती ना?"

"येतेच न्. पन उतरल्यावर घ्याले कोनी नसलं तं पोरीले कसं वाटत असन? शेवटल्या दिवशी जिन्यावर म्हने, बाबा, उद्यापासून इथं कोनीच नसन. अन् लागली रडाले. मीबी लागलो. मागचे लोकं बाजूले व्हा म्हनून राहिले, अन् आमी बापलेक डावीकडंच उभे!"

मला स्वतःचीच लाज वाटली. खाली येऊन मी ठराव मांडला, की यापुढे मीटिंग सहाला. कुणीतरी कारण विचारलं, तेव्हा पाण्याच्या प्रेशरचं काहीतरी सांगितलं.